तीन पिशव्या, चार दिवस: बेळगाव ते गणेशगुडी

निघण्याआधी, वजनकाट्यावर

ऑक्टोबरचा पहिला आठवडा, नवरात्राचे दिवस. पाऊस ओसरलेला असतो, पण पुरता गेलेला नसतो. सकाळी धुकं, दुपारी कडक ऊन, चारनंतर जांबोटीकडे एखादी सर. मिररलेस कॅमेरा कुठल्या सेन्सरचा (उजेड टिपणाऱ्या चिपचा) घ्यावा हे ठरवायला दुकानातली पाच मिनिटं पुरत नाहीत. बेळगाव, गोकाक, खानापूर आणि जोयडा असा फेरा मारला की अंधार, पाणी, किडे, पाखरं ही चारही कामं ओळीनं समोर येतात.

पिशव्या तीन. पहिलीत फुल फ्रेम: सोनी ए७ फोर, ३३ मेगापिक्सेल, सेन्सर ३६ × २४ मिमी. दुसरीत एपीएस-सी: सोनी ए६७००, २६ मेगापिक्सेल, सुमारे २३.५ × १५.६ मिमी. तिसरीत मायक्रो फोर थर्ड्स: ओएम-१, २० मेगापिक्सेल, १७.३ × १३ मिमी. क्षेत्रफळ काढलं तर ८६४, ३६६ आणि २२५ चौरस मिलिमीटर. म्हणजे फुल फ्रेम आणि फोर थर्ड्स यांत जवळजवळ चौपट, फोटोवाल्यांच्या भाषेत दोन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा). एपीएस-सी फुल फ्रेमपेक्षा सव्वा स्टॉप मागे.

आता वजन. ए७ फोर ६५८ ग्रॅम, त्यावर २४-७० मिमी एफ/२.८ लेन्सची (एफचा आकडा जितका लहान, तितकं लेन्सचं भोक, म्हणजे अॅपर्चर, मोठं) दुसरी आवृत्ती ६९५ आणि २००-६०० एफ/५.६-६.३ तब्बल २११५. एकूण साडेतीन किलोला थोडंच कमी. ए६७०० ४९३ ग्रॅम, १६-५५ एफ/२.८ ४९४, ७०-३५० एफ/४.५-६.३ ६२५, एकूण १६१२. ओएम-१ ५९९, १२-४० एफ/२.८ ३८२, १००-४०० एफ/५-६.३ ११२०, एकूण २१०१. लहान सेन्सर म्हणजे हलकी पिशवी, असं सगळे धरून चालतात. काटा मात्र म्हणतो की सगळ्यात लहान सेन्सरची पिशवी मधल्यापेक्षा अर्धा किलो जड आहे. सेन्सर ग्रॅमभराचा असतो, वजन काचेचं असतं. या फेऱ्यात नजर काचेवर ठेवायची.

दिवस पहिला: बेळगाव, पहाटेची दौड आणि काळा दगड

पहाटे साडेपाच. दुर्गामाता दौडीची माणसं गल्लीत जमायला लागतात: पांढरे कपडे, भगवे फेटे, पुढे ध्वज. दारादारांत रांगोळ्या, ओवाळायला आरतीची ताटं. सूर्य उगवायला पाऊण तास आहे आणि उजेड फक्त खांबावरच्या एलईडीचा. माणसं धावतायत, तेव्हा शटर किमान १/२५० सेकंद हवं. एफ/२.८ वर तिन्ही कॅमेरे आयएसओचा, म्हणजे टिपलेला उजेड किती वाढवायचा त्याचा, एकच आकडा दाखवतात: १२८००. एक्स्पोजर सेन्सर बघून बदलत नाही, बदलतात ते दाणे, म्हणजे फोटोतली खरखर. ओएम-१ वर १२८०० ला फेट्याच्या चुण्या पिठूळ होतात, ए७ फोरवर कापडाचा पोत शाबूत राहतो. ढोबळ हिशेब असा, की फोर थर्ड्सवर ३२०० ला जेवढे दाणे, तेवढे फुल फ्रेमवर १२८०० ला. इथे स्टॅबिलायझेशन (हाताची थरथर सावरणारी सोय) कितीही भारी असलं तरी कामाचं नाही. हलतंय ते समोरचं माणूस, हात नव्हे.

तीस-चाळीस फ्रेमनंतर पडद्यावर आडवे काळपट पट्टे दिसायला लागतात. कॅमेरा बिघडलेला नाही. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे स्वस्त एलईडी सेकंदाला १०० वेळा मिचमिचतो. १/२५० चं शटर त्या मिचमिचीचा तुकडाच पकडतं. उपाय दोन. शटर १/१०० किंवा १/५० वर आणायचं आणि धावणाऱ्याबरोबर कॅमेरा फिरवायचा, म्हणजे माणूस स्पष्ट आणि गल्ली पुसट येते. नाहीतर मेकॅनिकल शटर ठेवून मेनूमधलं अँटी-फ्लिकर चालू करायचं. कॅमेरा उजेडाच्या शिखरावर शटर सोडतो, बर्स्टचा, म्हणजे लागोपाठ फ्रेम घेण्याचा, वेग थोडा पडतो. अशा दिव्याखाली सायलेंट शटर वापरायचंच नाही. ए७ फोरचा सेन्सर वरून खाली वाचायला वेळ घेतो, त्यामुळे पट्टे तर येतातच, शिवाय धावणारे पाय तिरके होतात.

दौडीपुरता कौल फुल फ्रेमला. पण लहान सेन्सरवाल्यानं झूम बाजूला ठेवून एफ/१.४ किंवा त्याहून मोकळी छोटी प्राइम (झूम नसलेली लेन्स) लावली तर दोन स्टॉपांची ती दरी बरीचशी बुजते. दौडीत बारा मिलिमीटरपासून चाळीसपर्यंत झूम फिरवायला वेळ कुणाला असतो? गल्लीची रुंदी ठरलेली असते. एक फोकल लेंग्थ पुरते.

दहाच्या सुमाराला किल्ला. लष्करी हद्दीतून जावं लागतं, तिथे कॅमेरा पिशवीतच राहू द्यायचा. आत कमल बस्ती. रट्ट घराण्याचा राजा चौथा कार्तवीर्य याच्या काळात, १२०४ साली, त्याचा मंत्री बिचिराज यानं बांधलेलं हे जैन मंदिर. छतातून उलटं लोंबणारं दगडी कमळ आणि घासून गुळगुळीत केलेले काळे खांब. पुरातत्त्व खात्याच्या वास्तूत परवानगीशिवाय ट्रायपॉड लावता येत नाही आणि मंदिरात पूजा चालते, तेव्हा आधी विचारायचं. उत्तर बेळगावी थाटाचं मिळतं: "काढा की, पण फ्लॅश मारू नकासा."

आता सकाळचा हिशेब उलटा फिरतो. कमळ, त्यामागचे खांब आणि दाराची चौकट सगळं स्पष्ट हवं, म्हणजे फोकसची खोली हवी. ओएम-१ वर १२ मिमीला एफ/२.८ जी खोली देतं, तेवढ्यासाठी ए६७०० ला सुमारे एफ/४ आणि ए७ फोरला एफ/५.६ लागतं. शटर तिन्हीकडे १/४ ठेवलं तर आयएसओ येतो अनुक्रमे ४००, ८०० आणि १६००. तीन फोटो शेजारी ठेवून दाणे पाहिले तर कुठला कुठल्या कॅमेऱ्याचा हे सांगता येत नाही. मोठ्या सेन्सरनं जे कमावलं ते अॅपर्चर मिटवताना देऊन टाकलं. त्यात ओएम-१ चं स्टॅबिलायझेशन ७ स्टॉपचं, ए७ फोरचं साडेपाच आणि ए६७०० चं ५. कोपर बरगडीला टेकवून, श्वास सोडता सोडता बटण दाबलं तर ओएम-१ वर एक सेकंदही सुटतो: एफ/४, आयएसओ २००, चारपैकी एखादी फ्रेम पक्की. फुल फ्रेमवर एका सेकंदाला चारही हललेल्या निघतात.

दारातून येणारा ऊन्हाचा चौकोन मात्र जळतो. तिथे तीन एक्स्पोजर, मध्ये दोन-दोन स्टॉपांचं अंतर, आणि पहिलं मोजमाप उजेडाचं.

दिवस दुसरा: गोकाक, धबधब्याला किती वेळ द्यायचा

बेळगावहून गोकाक साठेक किलोमीटर. घटप्रभा इथे सुमारे ५२ मीटर खाली उडी घेते. वर हिडकलचं धरण आहे, त्यामुळे पाण्याचा जोर पावसावर जितका तितकाच सोडलेल्या पाण्यावर. आदल्या दिवशी विचारून निघालेलं बरं. १८८७ साली या पाण्यावर वीज केली गेली. काठच्या सूतगिरणीच्या जुन्या दगडी भिंती चौकटीत घेतल्या तर धबधब्याला माप मिळतं. झुलत्या पुलावर ट्रायपॉडचा उपयोग नाही. एक माणूस चालला तरी पूल डुलतो आणि ट्रायपॉड त्याच्याबरोबर. दगडाच्या कड्यावरून काम करायचं, तेही ओल्या शेवाळापासून दोन हात लांब.

हमखास होणारी चूक म्हणजे पाणी रेशमी करायचं म्हणून अॅपर्चर एफ/२२ पर्यंत मिटवणं. भोक बारीक झालं की प्रकाश कडेला पसरतो आणि सगळा फोटो मऊ पडतो. फुल फ्रेमवर एफ/११ पर्यंत निर्धास्त, एफ/१६ चालवून घ्यायचं. एपीएस-सीवर एफ/८ ते ११. फोर थर्ड्सवर एफ/५.६ ते ८, बस. त्यापुढे एनडी फिल्टर (उजेड अडवणारी गडद काच), आणि तिथे लहान काचेची चैन कळते: त्या २४-७० ला ८२ मिमीचा फिल्टर लागतो, १६-५५ ला ६७ चा, १२-४० ला ६२ चा. चांगल्या फिल्टरची किंमत व्यासाबरोबर चढत जाते.

ढगाळ दुपारी मोजमाप आलं आयएसओ १००, एफ/११, १/६०. सहा स्टॉपचा फिल्टर लावला की एक सेकंद. ओएम-१ मध्ये हे काम काचेशिवाय होतं. लाइव्ह एनडी अनेक फ्रेम आतल्या आत एकावर एक रचतं आणि एनडी६४ पर्यंत, म्हणजे सहा स्टॉपपर्यंत जातं. फिल्टर पुसायची कटकट नाही, आणि गोकाकचे तुषार काचेवर दर मिनिटाला बसतात हे ध्यानात घेतलं तर हा फायदा लहान नाही. खोड एकच: याचा मूळ आयएसओ २००. त्याच ढगाळ उजेडात एफ/८ ला १/२५० येतं, सहा स्टॉपांनी कागदावर जेमतेम पाव सेकंद. आयएसओ खाली ओढता येतो, पण मग ढगांचा पांढरा लवकर जळतो.

खरं सांगायचं तर घटप्रभेला एक सेकंद देऊच नये. तांबूस गढूळ पाणी जास्त वेळ दिला की चहात दूध ओतल्यासारखं दिसतं. १/८ ते १/४ ला धारांचे दोर सुटे राहतात आणि पाण्याला वजन येतं. म्हणजे पाव सेकंद इथे अगदी नेमका बसतो.

तुषारात लेन्स बदलायची नाही. गाडीत बसून, खिडक्या बंद करून, कॅमेऱ्याचं तोंड खाली धरून बदलायची. परतीला मार्कंडेय नदीवरचा गोडचिनमलकीचा दोन टप्प्यांचा धबधबा वाटेत येतो. उन्हं उतरली असतील तरच थांबावं. करदंट (सुक्यामेव्याची मिठाई) गोकाकलाच घेऊन ठेवायचा, तो उद्या रात्री लागतो.

दिवस तिसरा: हलशी, मग जांबोटीची रात्र

खानापूरहून हलशी चौदा-पंधरा किलोमीटर. कदंबांची राजधानी राहिलेलं हे गाव. भूवराह नरसिंह मंदिर बाराव्या शतकातलं, आत दोन गाभारे समोरासमोर. बाहेरून, सकाळच्या तिरप्या उन्हात, एफ/८ ला तिन्ही कॅमेऱ्यांचे फोटो सारखेच. ए४ आकाराचा प्रिंट काढून फरक शोधत बसणं म्हणजे वेळ दवडणं. पुढे चला.

दुपारी जांबोटी. पलीकडे भीमगडचं अभयारण्य. अस्वलांचा वावर आहे, रात्री रानात शिरायचं नाही. त्याची गरजही नसते. मुक्कामाच्या घराच्या परसात, विहिरीच्या कठड्यावर, केळीच्या पानाखाली एवढे कोळी आणि नाकतोडे असतात की दोन तास पुरत नाहीत.

पिशव्यांत इथे एकेक मॅक्रो (अगदी जवळून टिपणारी) लेन्स वाढते. सोनीची ९० मिमी एफ/२.८ ६०२ ग्रॅम, ओएमची ६० मिमी एफ/२.८ १८५ ग्रॅम. ए६७०० लाही तीच ६०२ ग्रॅमची लावली आहे, म्हणजे मधल्या पिशवीचा हलकेपणा इथे संपला.

समजा ३६ मिलिमीटर रुंदीच्या चौकटीत नाकतोडा बसवायचा आहे. फुल फ्रेमला त्यासाठी एकास एक मोठेपणा लागतो, म्हणजे सेन्सरवरची प्रतिमा खऱ्या नाकतोड्याएवढी. फोर थर्ड्सला अर्ध्यात भागतं. इतक्या जवळ लेन्सचं प्रत्यक्षातलं अॅपर्चर लिहिलेल्यापेक्षा बारीक होतं: एकास एकला दोन स्टॉप जातात, अर्ध्या मोठेपणाला स्टॉपहून थोडंच जास्त. डोळ्यापासून मिशीपर्यंत स्पष्ट यायला ओएम-१ वर प्रत्यक्षातलं एफ/८ लागलं तर ए७ फोरवर एफ/१६. म्हणजे फ्लॅशला चौपट जोर. डबल-ए सेलचा फ्लॅश चौपट जोरानं मारला की पुन्हा भरायला तेवढाच जास्त वेळ घेतो, आणि नाकतोडा तेवढा वेळ बसून राहत नाही. जोर वाढवायचा नसेल तर आयएसओ चौपट, आणि तिथे मोठ्या सेन्सरची कमाई पुन्हा पाण्यात.

काम असं करायचं. मॅन्युअल फोकस, मोठेपणा आधी ठरवून. शटर १/१६० किंवा १/२००, फ्लॅश हाताने १/१६ जोरावर. फ्लॅशपुढे पॅकिंगला येते ती पांढरी फोमची पातळ शीट, कमानीसारखी वाकवून लेन्सच्या टोकापर्यंत. ती नसली तर कोळ्याच्या आठही डोळ्यांत दिव्याचा टोकदार ठिपका येतो. मग अंग पुढेमागे अगदी किंचित डोलवायचं आणि डोळा स्पष्ट दिसला की बटण दाबायचं. कीटक ठार स्थिर असेल तर ओएम-१ फोकस सरकवत फ्रेम घेते आणि आतच जोडून देते; कडा थोड्या कापल्या जातात, तेव्हा चौकट सैल ठेवायची. ए७ फोरमध्ये या फोकस ब्रॅकेटिंगची सोयच नाही. वारा असेल तर हा सगळा नाद सोडायचा.

साडेआठला घरच्या काकू सांगून जातात, "चार्जिंगला काय लावायचं ते आत्ताच लावून घ्या हं, रात्री लाईट गेली की सकाळीच यायची." तिन्ही बॉडी यूएसबी-सीवर चार्ज होतात, म्हणून पॉवर बँक हवीच. दोन्ही सोनींना एकच एफझेड१०० बॅटरी चालते, ओएम-१ ची वेगळी. दोन बॉडी बाळगणाऱ्यानं हे खरेदीच्या वेळीच बघायचं असतं.

दिवस चौथा: गणेशगुडी, पाखरावर किती उजेड पडतो

रामनगरमार्गे जोयडा तालुक्यात, काळी नदीवरच्या सुपा धरणाच्या पायथ्याशी गणेशगुडी. ओल्ड मॅगझिन हाउस या रानातल्या मुक्कामाच्या आवारात झाडीत पाण्याची भांडी मांडलेली असतात आणि पुढे आडोसा. नारिंगी डोक्याचा कस्तुर, माशीमार, कधी स्वर्गीय नर्तक आंघोळीला उतरतात. एसीच्या गाडीतून उतरल्यावर कॅमेरा पिशवीतच वीस मिनिटं राहू द्यायचा. लगेच काढला की काचेवर दव धरतं, आणि ते पुसत बसण्यात कस्तुर येऊन जातो.

आडोशात सावली दाट. दुपारी तीनला मोजमाप एफ/६.३, १/१२५, आयएसओ ६४००. तिन्ही टेलिलेन्स या टोकाला एफ/६.३ च्याच, मग फरक सेन्सरचाच उरतो असं वाटतं. तसं नाही. फोकल लेंग्थला एफच्या आकड्यानं भागलं की लेन्सच्या उघड्या तोंडाचा व्यास निघतो: ६०० ला ९५ मिमी, ४०० ला ६३, ३५० ला ५६. पाखराकडून आलेला उजेड या तोंडातूनच आत शिरतो. ९५ आणि ६३ च्या तोंडांत फरक पडतो सव्वा स्टॉपचा, दोनाचा नव्हे. ९५ आणि ५६ मध्ये दीड स्टॉप.

आता बारकावा. दहा मीटरवर पंधरा सेंटिमीटरचं पाखरू. ६०० मिमी लेन्स त्याची ९ मिमी प्रतिमा सेन्सरवर टाकते, ४०० मिमी ६ ची, ३५० मिमी सव्वापाचची. ए७ फोरचा एक पिक्सेल ५.१ मायक्रॉन, ए६७०० चा ३.८, ओएम-१ चा ३.३. भागाकार केला की पाखराच्या लांबीवर ए७ फोरचे साधारण १७५०, ओएम-१ चे १८०० आणि ए६७०० चे १४०० पिक्सेल पडतात. म्हणजे एक किलो कमी काचेत ओएम-१ नं फुल फ्रेमइतकंच पाखरू दिलं, सव्वा स्टॉप जास्त दाण्यांसकट. दिवसभर गळ्यात अडकवून नदीकाठानं हिंडणाऱ्याला हा सौदा पटण्यासारखा आहे. आडोशात बसून राहणाऱ्याला नाही. शिवाय २००-६०० चं जवळचं फोकस २.४ मीटर, भांडं त्याहून जवळ असेल तर ती नुसती घरघरत राहते.

शटरच्या खटक्यानं माशीमार दचकतो, तेव्हा इथे सायलेंट शटर. बसलेल्या पाखराला चालतं. पंख फडफडवून अंग झाडणाऱ्या कस्तुराला ए७ फोरवर नाही, पंख वाकडे येतात. ओएम-१ चा सेन्सर बराच भरभर वाचला जातो.

चारच्या पुढे नदीकाठच्या उंबरावर कवड्या धनेश येतो. उडण्याआधी तो मान खाली घालतो, पाय आखडतो आणि मग अंग सोडतो. माणसाचं बोट तेवढ्यात मागे पडतं. ओएम-१ चं प्रो कॅप्चर बटण अर्धं दाबल्यापासून फ्रेम साठवत राहतं आणि पुरतं दाबलं की आधीच्याही कार्डावर उतरवतं. शटर १/१६०० च्या वर, मागे आभाळ असेल तर एक्स्पोजर एक स्टॉप चढवायचं, नाहीतर काळा पक्षी कोळसा होतो. अर्धं बटण धरून मिनिटभर बसलं की बॅटरी डोळ्यांदेखत उतरते, दुसरी खिशात.

पाच वाजता शेवटचा प्रयोग. २००-६०० ए७ फोरवरून काढायची आणि ए६७०० वर लावायची. माउंट (लेन्स बसते ती कडी) एकच, बॅटरी एकच. लेन्सचं तोंड तेच ९५ मिमीचं, म्हणजे पाखराकडून येणारा उजेड तेवढाच. मोठ्या सेन्सरच्या कडेचं जे आभाळ कापूनच टाकायचं होतं, ते आधीच कापलेलं. लांबीवर पिक्सेल २४०० च्या घरात. कस्तुराच्या डोळ्याभोवतीची बारीक पिसं तिन्ही पिशव्यांत पहिल्यांदा सुटी दिसली ती या जोडीवर. कुरबुर करायला जागा आहे. लेन्स बॉडीच्या चौपटीहून जड, त्यामुळे हात लेन्सच्या कॉलरखालीच हवा, बॉडीला धरून उचलायचं नाही. कार्डाचा खण एकच, तेव्हा मुक्कामी पोचल्यावर आधी कॉपी, मग जेवण.

साडेपाचला मोजमाप १/३० वर आलं. एवढ्यात कस्तुर फक्त पाणी पिऊन मान वर करतो त्या क्षणाला स्थिर असतो. दहा फ्रेम एका दमात घ्यायच्या, एखादी लागते. सहाला आडोसा रिकामा करायचा. काच कोरड्या फडक्यानं पुसायची, पिशवीत सिलिका जेलच्या पुड्या टाकायच्या, निळ्याच्या गुलाबी झालेल्या बाजूला काढायच्या आणि घरी गेल्यावर तव्यावर मंद आचेवर गरम करून पुन्हा निळ्या करायच्या.